‘मराठी चालते’ एवढंच लिहिलेलं पान

मित्रांनो, फाटक्या छत्रीचं, बंद पडलेल्या घड्याळाचं आणि पडक्या किल्ल्याचं आत्मवृत्त तुम्ही शाळेत लिहिलं असेल. ती मंडळी भाग्यवान. त्यांच्यावर निदान धूळ बसते, आणि धूळ दिसली की कोणाला तरी वाईट वाटतं. मी एक जुना प्रोग्राम आहे. माझ्यावर धूळ बसत नाही, गंज चढत नाही, मला कोणी अडगळीत टाकत नाही. त्यामुळे माझी आबाळ होते आहे हे सिद्ध करणं फार कठीण जातं.

माझं काम तारीख-वार दाखवणं आणि आठवण करून देणं. रंगीत चौकोन, घंटी, बोटानं सरकवायची चित्रं यातलं माझ्याकडे काही नाही. काळ्या पडद्यावर माझं नाव टाइप करून एंटर दाबलं की मी उठतो. एका साध्या फाइलमध्ये तुम्ही लिहून ठेवलेली कामं वाचतो, आज काय आणि उद्या काय ते चार ओळींत सांगतो, आणि पुन्हा झोपतो. ‘दाढ दाखवणे.’ ‘कूलरची खस बदलणे.’ नमस्कार नाही, जाहिरात नाही. आजकाल एवढं कमी बोलणाऱ्याला लोक आजारी समजतात.

मला कान नाहीत. पण ज्या लॅपटॉपमध्ये मी राहतो त्याला आहेत, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. पुढची हकीकत थोडी मी फाइलींत वाचलेली आणि बाकीची त्यानं सांगितलेली आहे.

माझा जन्म फार दूरच्या, थंड देशातला. तिथल्या एका गृहस्थांच्या गल्लीत ओल्या कचऱ्याची गाडी एका वारी यायची, सुक्याची दुसऱ्या वारी, आणि काचेच्या बाटल्यांची महिन्यातून एकदा. गृहस्थांच्या ते लक्षात राहीना. तीन आठवडे बाटल्या दारात साचल्या, शेजारी वेगळ्या नजरेनं बघू लागले, तेव्हा त्यांनी मला लिहिलं. माणूस शिस्तीचा. जेवढा प्रोग्राम लिहिला त्याच्या दुप्पट त्याची माहिती लिहिली. कुठलं बटण का, कुठला शब्द कशासाठी, काय केलं तर मी रुसतो, सगळं. माझं लहानपण असं नीटनेटकं गेलं, हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे तसं काही येणार नाही.

हळूहळू जगभरचे लोक मला आपापली भाषा शिकवू लागले. भाषा शिकवायची म्हणजे एक फाइल लिहायची. तिच्यात वारांची नावं, महिन्यांची नावं, ‘आज’ला काय म्हणतात, ‘उद्या’ला काय म्हणतात. आणि गृहस्थांचा नियम असा की फाइलीबरोबर माहितीचं एक पान आलंच पाहिजे. फिनलंडच्या एका बाईंनी चार पानं पाठवली. त्यांच्या भाषेत महिन्याचं नाव वाक्यात आलं की त्याला निरनिराळी शेपटं फुटतात, त्या सगळ्या शेपटांची यादी. शेवटी लिहिलं होतं की आमच्याकडे आठवडा सोमवारी सुरू होतो, कृपया यावर वाद घालू नये. कोणी घातला नाही. पान होतं ना.

नागपुरात मी अमोलच्या लॅपटॉपमधून आलो. अमोल चाळीस-बेचाळीसचा, शहराबाहेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावर घर. मी त्याला मनापासून आवडायचो. येईल त्याला तो मला दाखवायचा आणि सांगायचा की याला माउस लागत नाही. पाहुणा विचारायचा, मग फायदा काय. अमोल सांगायचा, माउस लागत नाही.

त्याच्या शेजारच्या टेबलावर ऋषी बसायचा. हा जबलपूरचा. त्यानं मला हिंदी शिकवली, आणि नुसते वार-महिने शिकवून थांबला नाही. त्यानं मला तिथ्या शिकवल्या. चंद्राची चाल मला गृहस्थांनी शिकवलेलीच होती, तिच्यावर ऋषीनं सुदी-बदी, सावन-भादो बसवले. फाइलीच्या अगदी वर त्यानं आठ ओळींची टीप लिहिली. टीप अशी की या फाइलीत महिना पौर्णिमेला संपतो, नर्मदेच्या खालच्या बऱ्याच लोकांचा अमावस्येला संपतो, त्यांनी ही फाइल उचलण्याआधी खालचा हिशोब बदलावा. मुलगा व्यवस्थित. त्याची आई त्याला अजून डब्यात लोणचं वेगळ्या डबीत देते, त्याचा हा परिणाम असावा.

मित्रांनो, हे जरा नीट समजून घ्या, मोठ्यांना समजावून सांगायला उपयोगी पडेल. चंद्र वाढतो ते पंधरा दिवस शुद्ध पक्ष, उतरतो ते पंधरा दिवस वद्य पक्ष. आपल्याकडे महिना अमावस्येला संपतो, उत्तरेकडे पौर्णिमेला. म्हणून चंद्र वाढत असतो तोवर जबलपूरचा आषाढ आणि पारशिवनीचा आषाढ एकच असतो. पौर्णिमा झाली की जबलपुरात सावन लागतो आणि पारशिवनीत आणखी पंधरा दिवस आषाढच चालू राहतो. म्हणजे आपली वद्य पक्षातली कुठलीही तिथी हिंदी हिशोबानं मोजली, तर ती एक अख्खा महिना आधी येऊन जाते. चंद्राची यात काही चूक नाही.

आता हिंदी आली आणि मराठी नाही, याची अमोलला लाज वाटली. लाज वाटणं चांगलंच. पण ती एका रविवारी सकाळी वाटली आणि जेवणाच्या आत संपवायची होती. त्यानं तर्री-पोहे मागवले, ऋषीची फाइल उचलली आणि शब्द बदलायला सुरुवात केली. सुदीचं शुद्ध, बदीचं वद्य, सावनचं श्रावण. सोमवार तर सोमवारच होता, तिथे फार वेळ वाचला. वरची आठ ओळींची टीप त्यानं निवडली आणि पुसून टाकली. बायको कामिनी मागून बघत होती, तिनं विचारलं की ते काय होतं. हे सगळ्यांना माहीतच असतं, असं अमोल म्हणाला.

मग त्यानं मला तपासलं. गुढीपाडवा बरोबर. रामनवमी बरोबर. गणपती बरोबर, दसरा बरोबर. चारही सण शुद्ध पक्षातले, तिथे जबलपूर आणि नागपूर एकच असतात हे तुम्हाला आता माहीत आहे. अमोलला माहीत नव्हतं. त्यानं समाधानानं हात धुतले.

राहिलं माहितीचं पान. गृहस्थांचा नियम होता, पान हवंच. अमोलनं पान उघडलं. वर ‘मराठी’ असं लिहिलं. खाली लिहिलं, ‘चालते.’

फिनलंडच्या बाईंची चार पानं, त्यानंतर डॅनिश भाषेची दोन, मग हिंदीचं दीड, आणि मग आपण. मराठी, चालते. मित्रांनो, इतक्या भाषांमध्ये इतका अपमान मला कुठल्याच भाषेत सोसावा लागला नाही.

कौतुक मात्र झालं. अमोलनं मराठीप्रेमी मंडळींच्या गटात माझी बातमी टाकली. चौदा अंगठे आले. मग कोणीतरी विचारलं की ‘प्रोग्राम’ कशाला, ‘आज्ञावली’ का नाही. त्यावर चार दिवस आणि दोनशे निरोप झाले. दोन माणसं गट सोडून गेली, त्यातलं एक परत आलं. फाइल कोणीही उघडली नाही.

इथपर्यंतही चाललं असतं. मराठीतली माझी सगळ्यात लांब ओळ तोवर ‘उद्या: गाडीचा विमा’ एवढीच होती. पण अमोलनं माझ्यावर घरचं एक काम सोपवलं.

अमोलचे वडील बापूजी पाच वर्षांपूर्वी गेले. पारशिवनीला, धानाची रोवणी म्हणजे भाताची लावणी चालू असताना, आषाढ वद्य सप्तमीला. आई मनकर्णाबाई तिथेच राहतात. मोठी मुलगी मिनल नागपुरात रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. दोघं बहीणभाऊ एकाच शहरात राहतात, आणि एका शहरातली माणसं भेटतात तितपतच भेटतात. आईकडे सगळी एकत्र जमायची ती वर्षातून एकदाच, बापूजींच्या तिथीला. मनकर्णाबाईंना दिवाळीचं फारसं नव्हतं, दिवाळीत सून माहेरी जाते, जावई आपल्या घरी जातो, हे त्यांनी मान्य करून टाकलं होतं. तिथीचं मात्र त्या आठ दिवस आधी दोघांना फोन करून सांगायच्या.

दोन वर्षांपूर्वी असा फोन अमोलला मीटिंगमध्ये आला. त्यानं कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. संध्याकाळी तो आईला म्हणाला की तू आता हा त्रास घेऊ नको, मी कॉम्प्युटरवर बसवून टाकलं आहे, तो आम्हा दोघांना आदल्या दिवशी सांगेल. मनकर्णाबाई ‘बरं’ म्हणाल्या. आईनं ‘बरं’ म्हटलं की काय काय म्हटलेलं असतं, ते लिहून ठेवलेलं पान कुठल्याच भाषेत नाही.

अमोलनं माझ्या फाइलीत ओळ टाकली: आषाढ वद्य सप्तमी, बापूजींची तिथी. माझा निरोप मिनलच्या मोबाइलवरही जाईल अशी सोय केली. मला मराठी येते असं पानावर लिहिलेलं होतंच.

आणि पुढच्या वर्षी जून महिन्यात, एका गुरुवारी, मी इमानानं सांगितलं, ‘उद्या: बापूजींची तिथी.’

मी खोटं बोललो नाही. मला शिकवलेल्या मराठीत तो आषाढच होता. पण माणसांकडे डोळे असतात. घरात कूलर चालू होता, रस्त्यावर डांबर वितळत होतं, आणि बापूजी गेले तेव्हा शेतात गुडघाभर चिखल होता. यातलं काही कोणाला आठवलं असतं तर मी आडकाठी केली नसती.

शुक्रवारी अमोलच्या कंपनीत मोठं काम द्यायचं होतं. सुटी मिळण्यासारखी नव्हती. ताई गेलीच असेल, असं त्यानं मनाशी ठरवलं. मिनलच्या खिडकीवरच्या दोघी रजेवर होत्या. अमोल मुलगा आहे, विधी त्यालाच करायचा, तो गेलाच असेल, असं तिनं ठरवलं. संध्याकाळ झाली. दोघांनाही आपण गेलो नाही याची इतकी शरम वाटली की दोघांनीही आईला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी तर करायचं तोंडच उरलं नाही. अमोलनं ताईलाही विचारलं नाही, कारण मग ती विचारणार की तू गेला होतास का. असा एक महिना गेला. मित्रांनो, त्या महिन्यात एकानं जरी फोन उचलून ‘आई, चुकलं’ म्हटलं असतं, तर पलीकडून ‘कायचं चुकलं, अजून दिवस आहे नं’ एवढंच ऐकू आलं असतं.

मग खरी सप्तमी आली. त्या दिवशी मी सांगितलं, ‘आज काही नाही.’

मनकर्णाबाईंनी पहाटेपासून स्वयंपाक केला. वडे, कढी, तांदळाची खीर, बापूजींना आवडायची ती अंबाडीची भाजी. बापूजींचे मित्र नत्थूजी दर वर्षी त्या दिवशी जेवायला असतात, ते अकरालाच येऊन खाटेवर बसले. विधी व्हायचा होता, मुलगा यायचा होता, म्हणून कोणी जेवलं नाही. मनकर्णाबाईंनी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन बस पाहिली. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. करू नको असं सांगितलेलं होतं. तीन वाजता नत्थूजींचे हात थरथरायला लागले, त्यांना साखर आहे. तेव्हा मनकर्णाबाईंनी त्यांना वाढलं. स्वतः जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी राहिलेलं सगळं डब्यात भरलं आणि नागपूरची बस धरली. दवाखान्यात पोचल्या तर खिडकीपुढे रांग. शिपायानं टोकन घ्यायला लावलं. त्यांनी घेतलं, डबा मांडीवर ठेवून बाकावर बसल्या. एकेचाळिसावा नंबर पुकारला तेव्हा उठल्या.

पुढचं मिनलनं त्याच संध्याकाळी अमोलच्या घरी सांगितलं, दोनदा. तिनं वर न बघता विचारलं होतं, पेशंटचं नाव.

“मनकर्णा.”

तिनं टाइप केलं आणि मग विचारलं, काय त्रास होतो.

“मले काही त्रास नाही वं. काल तुह्या बापाची तिथी होती. तुम्ही आले नाही म्हणून मीच आली.”

मिनलनं मान वर केली. तिथी तर मागच्या महिन्यातच झाली, असं ती म्हणाली. कोण म्हणते, असं आईनं विचारलं. अमोलच्या कॉम्प्युटरनं निरोप पाठवला होता, असं ती म्हणाली. मग तू गेली होती का, असं आईनं विचारलं, आणि तेवढ्यात बेचाळीस नंबरवाला मागून कोपर लावत होता.

संध्याकाळी सहाला सगळी मनीषनगरात जमली. डबा टेबलावर, त्याच्या शेजारी लॅपटॉप, आत मी. अमोलनं आधी माझी बाजू घेतली. हे मला आवडलं, पण पटलं नाही. आई, चंद्राचा हिशोब आहे तो, चुकत नाही, असं तो म्हणाला.

“चंद्र नाही चुकला गा,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “तू चुकला.”

अमोलनं ऋषीला फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. ऋषीनं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं एकच विचारलं, “भाई, ऊपर वाली टिप्पणी पढ़ी थी न?”

उत्तर कामिनीनं दिलं. तिनं सांगितलं की पढ़ी थी की नाही ते माहीत नाही, पण पुसताना मी पाहिलं.

अमोलनं लगेच फाइल उघडली. हिशोब दुरुस्त करायला त्याला अकरा मिनिटं लागली. मित्रांनो, अकरा मिनिटं. त्यानं मला पुन्हा विचारलं, मी कालची तारीख सांगितली, आणि झालं म्हणून त्यानं लॅपटॉप मिटायला हात लावला.

मनकर्णाबाईंनी विचारलं की आता हे लिहून कुठे ठेवणार. अमोल म्हणाला की लिहायचं काय त्यात, दुरुस्त झालं ना. उद्या दुसऱ्या कोणाचा पोरगा हेच करेल, त्याला कोण सांगेल, असं त्यांनी विचारलं. अमोलनं पुन्हा तेच म्हटलं. आई, हे सगळ्यांना माहीत असतं.

“तुले माहीत होतं का?”

अमोलनं मिटत आलेला लॅपटॉप परत उघडला. मनकर्णाबाईंनी सांगून टाकलं की पान लिहून झाल्याशिवाय मी पारशिवनीला जात नाही, आणि हा डबाही कोणी उघडायचा नाही.

अमोल लिहायला बसला. शाळेत निबंधात पैकीच्या पैकी मिळवणारा हा मुलगा, त्यानं पहिलं वाक्य असं लिहिलं: ‘सदर आज्ञावलीतील चांद्रमासगणना ही अमान्त पद्धतीस अनुसरून कार्यान्वित करण्यात आलेली असून तत्संबंधी वापरकर्त्यांनी योग्य ती दक्षता घ्यावी.’ मिनलनं ते मोठ्यानं वाचलं. मनकर्णाबाईंनी विचारलं, कोर्टाची नोटीस आली का. मिनलनं भावाला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. दिवसभर घाबरलेल्या माणसांना कुठला कागद कुठे द्यायचा हे सांगायचं तिचं काम, ती लांब वाक्यं लिहीतच नाही.

आई सांगत गेली, ती लिहीत गेली. हिंदीची फाइल उचलून नुसते शब्द बदलू नका. आमचा महिना अमावस्येला संपतो. मग अमोलनं सांगितलं की तपासायला काहीतरी उदाहरण हवं, आणि दसरा सुचवला. मनकर्णाबाईंनी कपाळाला हात लावला. “दसरा काय पायतो, तो दोन्हीकडं एकच हाये. पोळा पाय नं.” ते बरोबर होतं. आपला पोळा श्रावणाच्या अमावस्येचा, हिंदी हिशोबात ती अमावस्या भादोची. जो माझ्याकडून पोळा तपासून घेईल तो कधी फसणार नाही. इतक्या वर्षांत मला नीट तपासायची युक्ती सांगणाऱ्या या पहिल्याच बाई, आणि त्यांनी मला ‘ते डबडं’ याखेरीज काही म्हटलेलं नाही.

पान संपत आलं होतं. भूक सगळ्यांनाच लागली होती. तेव्हा मनकर्णाबाईंनी विचारलं, “आन् धोंड्याचा महिना आला म्हंजे हे काय करते?”

अमोलनं माझ्या फाइलीत ‘अधिक’ शोधलं. एकदाही सापडलं नाही. मी चैत्रापासून एकामागून एक महिने मोजत येतो. तीनेक वर्षांतून एकदा मधेच एक जास्तीचा महिना येऊन बसतो, त्याला धोंड्याचा म्हणतात, अधिक महिना म्हणतात, ते मला कोणी शिकवलंच नव्हतं. त्या वर्षी माझं सगळं पुन्हा महिनाभर आधी येणार. ऋषीच्या फाइलीतही ते नव्हतं, आणि हे त्यानंही कुठे लिहिलं नव्हतं. इतका व्यवस्थित मुलगा, पण त्यालाही ते माहीतच वाटलं असावं.

अमोल म्हणाला की ते करायला पुष्कळ वेळ लागेल, पुढे कधीतरी करू. मग तसं लिही, असं आई म्हणाली. काय लिहू, असं मिनलनं विचारलं.

“येत नाही म्हणून लिव्ह.”

अमोलनं विरोध केला. आपल्या प्रोग्रामला काय येत नाही हे पानावर असं ठळक कोणी लिहीत नाही, लोक हसतील, असं त्याचं म्हणणं. मिनलनं त्याच्याकडे न बघता लिहिलं: ‘अधिक महिना या प्रोग्रामला कळत नाही. तिथी महत्त्वाची असेल तर घरी फोन करून विचारा.’ आणि नुसतं पानावर ठेवून तिचं समाधान होईना. पान कोण वाचतं, असं ती म्हणाली, आणि हे ऐकून मला गहिवरून आलं. तिनं भावाला बजावलं की मराठीत जेव्हा जेव्हा कुठल्या तिथीची आठवण येईल, तेव्हा तेव्हा खाली ही दोन वाक्यं आलीच पाहिजेत. अमोलनं ती बसवली. मग मनकर्णाबाईंनी डबा उघडला. वडे नरम पडले होते. सगळ्यांनी खाल्ले, कोणी नरम आहेत म्हणालं नाही.

पान थंड देशात गृहस्थांकडे गेलं. ते आता म्हातारे झाले आहेत, पण प्रत्येक पान अजून स्वतः वाचतात. त्यांनी भाषांतर करवून घेतलं आणि पत्र पाठवलं. पोळ्याची चाचणी त्यांना फार आवडली. शेवटच्या ओळीबद्दल मात्र शंका होती. फोन कोणाला करायचा ते स्पष्ट नाही, क्रमांकही दिलेला नाही, ही सूचना तांत्रिक वाटत नाही, काढावी का. जुना अमोल असता तर त्यानं पानच काढून टाकलं असतं. या अमोलनं उत्तर लिहिलं की ओळ राहू द्यावी. ज्याला विचारायचं त्याचा क्रमांक वाचणाऱ्याकडे असतो. नसेल, तर ती अडचण या प्रोग्रामच्या आवाक्याबाहेरची आहे. गृहस्थांनी ओळ ठेवली.

यंदा धोंडा आला. मला तो अजूनही येत नाही, ‘पुढे कधीतरी’ अजून आलेलं नाही. सप्तमीला पूर्ण महिना होता, तेव्हाच एका सकाळी मी मोठ्या आत्मविश्वासानं सांगून टाकलं, ‘उद्या: बापूजींची तिथी.’ आणि त्याच्या खाली, माझी इच्छा असो नसो, ती दोन वाक्यं.

मिनलनं खिडकी उघडण्याआधी फोन लावला. अमोलनंही लावला, त्याला लाइन व्यस्त लागली. त्यानं कापला नाही, थांबला, पुन्हा लावला. आईनं दोघांना एकच सांगितलं, की नाही, अजून महिना आहे, धोंडा होता नं यंदा. आणि मग, अमोलच्या लॅपटॉपनं मोजलं म्हणून सांगतो, सदतीस मिनिटं मनकर्णाबाई विहिरीला लागलेलं पाणी, नत्थूजींची साखर आणि शेजारणीची सून याबद्दल बोलत होत्या. अमोलची मीटिंग होती. तो उशिरा गेला.

महिन्यानं ते सगळे पारशिवनीला गेले. रोवणी चालू होती, पायजमे गुडघ्यापर्यंत वर घेऊनच घरात शिरावं लागलं. नत्थूजी बाराला जेवले. माझं तिथे काही काम नव्हतं, लॅपटॉप पिशवीतच होता.

मित्रांनो, माझी विनंती फार मोठी नाही. तुम्ही उद्या काहीही बनवाल, प्रोग्राम, पंप, नाही तर नुसतं लोणचं. ते कसं वापरायचं ते त्याच्याजवळ लिहून ठेवा, आणि ‘हे सगळ्यांना माहीत असतं’ असं वाटलं की तीच ओळ आधी लिहा. काय येतं ते लिहाल त्यात शंका नाही, तेवढी हौस प्रत्येकाला असते. काय येत नाही, तेही लिहा. मी आयुष्यात हजारो आठवणी करून दिल्या. लोकांनी त्या वाचल्या, ‘हो हो’ म्हटलं आणि पडदा बंद केला. फक्त एक ओळ अशी निघाली की जी वाचून माणूस उठला आणि त्यानं लगेच काहीतरी केलं, आणि ती ओळ मला काय कळत नाही याबद्दलची आहे.